धबधब्यांचा वळसा आणि दोन व्याही

ही हकीकत कुणाला खरी वाटणार नाही. वाटूही नये. ज्याला ती पहिल्याच फटक्यात खरी वाटेल, त्याने एकदा डॉक्टरकडे जाऊन यावं. पण ज्या कपासाठी हे सगळं झालं तो कप आजही आहे. कधी तो नळसाहेबांच्या शोकेसमध्ये असतो, तर कधी त्यांच्या व्याह्यांच्या. एका घरी तो टिकत का नाही, ते पुढे दोघांचे स्वभाव पाहून कळेलच. संशय असेल त्याने तो कानाला लावून पाहावा. आतून धबधब्याचा आवाज येतो, असं दोघेही व्याही सांगतात, आणि दोघांचं एकमत झालेली ही एकच गोष्ट असल्यामुळे ती खरी धरायला हरकत नाही.

नळसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ते जन्मभर एका खिडकीमागे बसले, आणि खिडकीशी येणाऱ्याला "पलीकडच्या खिडकीत जा" असं सांगत राहिले, म्हणून इमारतीने त्यांना ही पदवी दिली. माणूस निरुपद्रवी. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. फक्त बोलायला लागला की थोडा वाहवत जायचा. बाजारातून भोपळा आणला तर जिना चढेपर्यंत तो पिंपाएवढा व्हायचा. काकू, म्हणजे त्यांच्या घरच्या, पिशवी उघडून भोपळा पाहायच्या, पुन्हा नवऱ्याकडे पाहायच्या आणि विळी काढायच्या. असा हा संसार सुखाने चालला होता.

बिघडलं ते मुलीच्या सासरी.

मुलीचे सासरे, म्हणजे नळसाहेबांचे व्याही, धावणारे होते. बसच्या मागे नव्हे. उगीचच, कारण नसताना, पहाटे उठून धावणारे. त्यांच्या बैठकीच्या भिंतीवर इतकी पदकं होती की मूळ रंग कुठला ते विहीणबाईंनाही आठवत नसे. माणूस मात्र अतिशय नम्र. त्यांच्या पायावर तुम्ही पाय दिलात तर आपला पाय मध्ये आला म्हणून तेच माफी मागणार. त्या घरात सगळे हळू बोलायचे, मोजून बोलायचे, आणि बोललेलं करून दाखवायचे. नळसाहेबांना तिथे गेलं की कॉलर घट्ट झाल्यासारखी वाटायची.

तर एका रविवारी चहा चालला होता आणि व्याही म्हणाले, "यंदा पुन्हा धबधब्यांच्या वळशाची शर्यत आहे. तुम्ही कधी गेला आहात का तिकडे?"

हा वळसा म्हणजे गावाबाहेरच्या डोंगराला घातलेली पायवाटेची माळ. पायथ्याच्या मैदानातून उजव्या वाटेने चढायचं. आधी जुळे धबधबे लागतात, मग माथ्यावर थोरला. तिथून पलीकडच्या अंगाने उतरायचं, वाटेत आळशी आणि शिंक्या हे दोन धबधबे घ्यायचे आणि डाव्या वाटेने पुन्हा त्याच मैदानात यायचं. चढ असा की माणूस वर चढतो, पण त्याची सावली पायथ्यालाच बसून राहते.

मुलीने बापाकडे पाहिलं. 'बाबा, आता नको' असा साधा, स्वच्छ अर्थ त्या नजरेत होता. पण नळसाहेबांची कळ तोवर फिरली होती.

"गेलोय?" ते म्हणाले. "कुणी विश्वास ठेवणार नाही, व्याहीबुवा, पण लग्नाच्या नव्या नवलाईत हा वळसा मी एका दमात पळून आलोय. सगळेच्या सगळे धबधबे! बूटसुद्धा नव्हते पायांत."

काकूंनी कप बशीत ठेवला. जरा आवाज झाला, एवढंच.

दुसरा कुणी असता तर त्याने हसून सोडून दिलं असतं. व्याह्यांनी विश्वास ठेवला. त्यांचे डोळे भरून आले. "आणि इतके दिवस बोलला नाहीत! मी इथे पदकं टांगून बसलोय, आणि खरा माणूस समोर चहा पितोय!" त्यांनी त्याच दिवशी ज्येष्ठांच्या गटात आपल्या नावाच्या वर नळसाहेबांचं नाव घातलं.

निघताना मुलीने बापाला स्वयंपाकघरात गाठलं.

"बाबा, काय केलंत हे?"

"करतो ना मी. त्यात काय."

"तुम्हाला कळत नाहीये. या घरात कुणी थाप मारत नाही. तुमच्या सगळ्या गोष्टी मी लहानपणापासून खऱ्या म्हणून ऐकल्या, आणि इथे येऊन खऱ्या म्हणूनच सांगितल्या. पुरात पोहत जाऊन मोठा नळ बंद केलात तीसुद्धा. आता ही खोटी निघाली की सगळ्याच निघतील, आणि मग मी कोण? थापाड्याची मुलगी." तिने कपबशा विसळायला घेतल्या. "एक तरी गोष्ट खरी करा, बाबा."

घरी येताना नळसाहेब रिक्षात बसल्या बसल्या पाय चालवून पाहत होते. रिक्षावाल्याने दोनदा मागे वळून पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून तयारी सुरू झाली, आणि तयारी सुरू झाली म्हणजे सल्लेही सुरू झाले. आपल्याकडे माणूस आजारी पडला किंवा काही शिकायला लागला की शेजार जागा होतो. वरच्या मजल्यावर शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे मास्तर राहायचे. ते शिट्टीसकट खाली आले. "धावण्याचं सगळं रहस्य एका वाक्यात आहे," ते म्हणाले. "तोंड बंद ठेवायचं! श्वास नाकाने. तोंड उघडलं की दम गेला." सगळ्या सल्ल्यांत नळसाहेबांना हाच सर्वांत अवघड गेला.

तळमजल्यावरच्या मावशींनी तळपायाला रोज तेल चोळायला सांगितलं. त्याने पाय हलके होतात म्हणे. हलके झाले की नाही कोण जाणे, पण बुटात पाय एकदा शिरला की तो आपला आपण पुढे-मागे जायला लागला. आणि बूट तरी कसले! दुकानदाराने खास डोंगराचे म्हणून दिले होते. त्यांच्या तळांना मगरीला असावेत तसे दात. पहिल्याच दिवशी नळसाहेब घरातून बाहेर पडले आणि दारातलं पायपुसणं बुटाला चिकटून त्यांच्याबरोबर जिना उतरलं. त्याचा एक धागा त्या दातांत जो अडकला तो काही निघाला नाही. काकू म्हणाल्या, "राहू दे. तुमच्याबरोबर घरचं कुणीतरी असलेलं बरं."

धावायचं कुठे, हा त्यापुढचा प्रश्न. इमारतीभोवती आवार होतं. नळसाहेबांनी तिथे दोन फेऱ्या मारल्या न मारल्या तोच सोसायटीचे सेक्रेटरी गॅलरीत आले. सेक्रेटरींना नियम तोंडपाठ होते. बाकी काही पाठ नव्हतं.

"नळसाहेब, आवारात फिरायला परवानगी आहे. धावायला नाही."

"धावणं म्हणजे भरभर फिरणंच ना?"

"असं तुमचं मत झालं. नियमांत व्याख्या नाही."

मग सभा झाली. धावणं म्हणजे फिरणं का, यावर ज्यांनी जन्मात बसण्याखेरीज काही केलं नव्हतं त्यांनी भाषणं केली. मावशींचं म्हणणं, मागून कुणी धप् धप् करत आलं की छातीत धस्स होतं. फिरणारी सगळी मंडळी इमारत डाव्या हाताला ठेवून फिरायची. शेवटी तोडगा निघाला: नळसाहेबांनी धावावं, पण कायम इमारत उजव्या हाताला ठेवून, म्हणजे ते समोरून येताना सगळ्यांना दिसतील आणि ज्याला त्याला जीव वाचवता येईल. ठराव मंजूर झाला. नळसाहेब जन्माचे सरकारी माणूस, त्यांनी तो अक्षरशः पाळला.

रोज सकाळी इमारत उजव्या हाताला. आवारातल्या कुत्र्याने चार दिवस मान फिरवून पाहिलं, मग त्याला घेरी आली आणि ते शेजारच्या सोसायटीत राहायला गेलं. फरशीवर हळूहळू चर पडला. पावसाचं पाणी त्यातून फिरायला लागलं, तेही त्याच दिशेने. शेवटी पायांना इतकं वळण लागलं की जेवायला बोलावलं तर नळसाहेब समोरची खुर्ची सोडून, टेबल उजव्या हाताला ठेवून, पूर्ण फेरी मारून मग त्याच खुर्चीवर बसायला लागले.

"अहो, खुर्ची इथेच आहे," काकू म्हणायच्या.

"पायांना सांग," नळसाहेब म्हणायचे.

एक अडचण आणखी उरली होती. शर्यतीला डॉक्टरचा दाखला लागायचा. ओळखीच्या डॉक्टरांनी नाडी पाहून लिहून दिलं, 'चालण्यास हरकत नाही.' शर्यतीच्या कचेरीत खिडकीमागची बाई म्हणाली, "चालण्यास नको. धावण्यास पाहिजे." डॉक्टरांनी 'धावण्यास' केलं. बाई म्हणाली, "सपाटीवर की डोंगरावर ते लिहिलेलं नाही. आणि हे इथे नाही, पलीकडच्या खिडकीत." हे वाक्य नळसाहेबांच्या चांगल्याच ओळखीचं होतं. खिडकीच्या या बाजूने ते कसं ऐकू येतं हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कळत होतं. तिसऱ्या खेपेला वैतागलेल्या डॉक्टरांनी लिहिलं, 'यांना डोंगरावर, सपाटीवर, वर, खाली, कुठेही धावण्यास हरकत नाही. थांबण्यासही नाही.' तो दाखला चालला.

शर्यतीच्या सकाळी डोंगरावर दाट धुकं उतरलं होतं. मैदानात तंबू, खुर्च्या, चहाची मोठी किटली, आणि कडेला एक जुना दगडी बाक. काकू त्याच बाकावर जाऊन बसल्या. शेजारी विहीणबाई बसल्या. मुलगी उभीच होती; तिला बसवेना.

ज्येष्ठांना वेळ जास्त लागतो म्हणून त्यांना आधी सोडायचं होतं. आयोजक कर्णा घेऊन सगळं नीट समजावून सांगत होते: उजव्या वाटेने चढा, दगडांवरचे लाल बाण पाहत जा, डाव्या वाटेने परत या. सगळ्यांनी ऐकलं. नळसाहेबांनी नाही ऐकलं, कारण त्या वेळी ते एका निवृत्त बँक मॅनेजरना आपण तरुणपणी हाच वळसा एका दमात कसा काढला ते सांगत होते. व्याही त्यांच्याच तोंडाकडे भक्तिभावाने पाहत होते.

शिट्टी झाली. सगळे निघाले. नळसाहेबही निघणार, तोच त्या पायपुसण्याच्या धाग्यात बुटाची नाडी गुंतली. वाकून ती सोडवून ते उभे राहिले तेव्हा मैदान रिकामं होतं. धुक्याने ज्येष्ठांचा गट गिळून टाकला होता. समोर दोन वाटा. नळसाहेब विचार करणार होते, पण त्यांना तेवढी सवड मिळालीच नाही. पायांना समोर काहीतरी मोठं, फेरी मारण्याजोगं दिसलं, आणि पायांनी सोसायटीचा ठराव आठवून डोंगर उजव्या हाताला घेतला.

म्हणजे डावी वाट. जिथून परत यायचं होतं ती.

पहिला लागला शिंक्या. त्याचे तुषार इतके बारीक की नाकात शिरले की माणूस शिंकलाच पाहिजे. नळसाहेब शिंकत शिंकत वर गेले. दगडांवर लाल बाण होते, आणि प्रत्येक बाणाचं टोक त्यांच्याकडेच होतं. त्यांनी थोडा विचार केला. हे बाण परतणाऱ्यांसाठी असणार. आपण तर अजून जातोय. इतक्या सोप्या शंकेचं इतकं सोपं उत्तर मिळाल्यावर माणूस पुढे जाणार नाही तर काय करणार?

वाट काळ्या चिखलाची आणि शेवाळाची होती. मग आळशी आला. हा धबधबा नुसता कड्याला टेकून असतो. वाटलं तर एखादा थेंब सोडतो. नळसाहेबांना तो फार जवळचा वाटला. तिथून पुढे धावणं संपून चालणं सुरू झालं, चालणं संपून ओणवं होणं सुरू झालं. त्यांचा श्वास मागे राहिला होता आणि अधूनमधून हाका मारत होता. पण मनात एकच गोष्ट होती: स्वयंपाकघरातली कपबशा विसळणारी मुलगी. एक तरी गोष्ट खरी करा, बाबा. आणि खरं सांगायचं तर, त्या चढावर नळसाहेब एकदाही थांबले नाहीत. एवढा भाग कुणाच्याही शपथेवर सांगायला मी तयार आहे.

माथ्यावर थोरला धबधबा. त्याच्या आवाजाने तिथले पक्षी बोलायचं सोडून खुणा करायला शिकलेत. त्या गर्जनेत, त्या तुषारांत नळसाहेबांनी पाहिलं तर समोरून व्याही येत होते. गट फार मागे टाकून, एकटेच, हरणासारखे. गुडघ्यापर्यंत लालभडक मोजे. 'मोजे छान आहेत,' नळसाहेबांना वाटलं.

"अरे वा!" नळसाहेब ओरडले. "तुम्ही इकडून?"

"तुम्ही तिकडून?" व्याही ओरडले.

दोघेही थांबले. नळसाहेबांना आता सगळे लाल बाण एकदम आठवले. उलटे आलो होतो आपण.

"व्याहीबुवा, माझं चुकलं!" ते म्हणाले. "मी उलटा आलो!"

"छे छे! तुम्ही कसे चुकाल?" व्याह्यांनी हात जोडले. "तुम्ही जुने जाणते. वाट बदलली असेल यंदा. सूचना चालल्या होत्या तेव्हा माझं सगळं लक्ष तुमच्या गोष्टीकडे होतं. चूक माझीच."

"अहो, नाही हो! खरंच माझी!"

"हा तुमचा मोठेपणा!"

नळसाहेबांची अवस्था काय वर्णावी! इतक्या वर्षांत ज्या माणसाची प्रत्येक थाप लोकांनी ऐकून घेतली, त्याने पहिल्यांदा तोंडातून खरं काढलं आणि ते कुणी मानायला तयार नाही.

"ते काही नाही, मी वळतो," नळसाहेब म्हणाले.

"शक्यच नाही. मी वळणार."

"मुलीकडचे आम्ही. आम्हीच वळायचं."

"मुलगी आमच्याकडे दिलीत, तेच उपकार काय थोडे झाले? मी वळतो, तुम्ही सरळ या."

"बरं, बरं," शेवटी नळसाहेब म्हणाले, आणि मनात ठरवलं की यांना बोलू द्यावं, आपण गुपचूप वळावं.

"बरं, बरं," व्याहीही म्हणाले, आणि त्यांनीही मनात अगदी तेच ठरवलं.

"आधी तुम्ही निघा."

"आधी तुम्ही."

असं करता करता दोघेही एकाच क्षणी वळले आणि ज्याच्या त्याच्या वाटेने खाली लागले. एकाने जरी थोडा उद्धटपणा केला असता तरी दोघे एकाच दिशेला गेले असते. पण चांगले संस्कार म्हणतात ते हेच. मागे वळूनही कुणी पाहिलं नाही. व्याही मागे पडलेत का ते आपण बघतोय असं त्यांना वाटलं तर?

व्याही मागून येताहेत याबद्दल नळसाहेबांना शंका नव्हती. पावलं ऐकू येत होती. कड्यावर आपटून येणारा तो त्यांच्याच बुटांचा आवाज होता, पण ते कुणी सांगायचं? एकदा त्यांनी न वळता हाक मारली, "या ना पुढे!" लगेच मागून आदराने उत्तर आलं, "या ना पुढे!" 'काय नम्र माणूस!' नळसाहेब मनात म्हणाले आणि लाजून आणखी जोरात पळाले. वळसा अर्धाच झाला, ही टोचणी होतीच. पण अर्धा वळसा दोनदा केला की एक होतो. कचेरीत याहून अवघड हिशेब पास झाले होते.

तिकडे व्याह्यांना खाली उतरताना जुळ्यांच्या अलीकडे सगळा गट वर चढताना भेटला. सर्वांत जास्त पदकं असलेला माणूस उलटा येतोय हे पाहून मॅनेजर थबकले.

"का हो, परत?"

"वाट बदललीय. आमचे व्याही म्हणाले. ते हा वळसा एका दमात पळालेले आहेत."

सगळा गट वळला. जुळ्यांपाशीच्या लाल चिखलातून नुकतेच सगळे आले होते, ते पुन्हा त्याच चिखलातून गेले.

नळसाहेबांचं उतरणं सांगण्यासारखं आहे. तेलाने घसरणाऱ्या पायांनी आळशीपाशी त्यांना खाली बसवलं आणि बसल्या बसल्याच बरंच खाली नेलं. बुटांच्या दातांत वेली अडकल्या, वेलींना झुडपं अडकली. शेवटचा उतार ते धावलेच नाहीत, ते शिंकले. शिंक्याच्या तुषारांत अशी एक जबरदस्त शिंक आली की ती त्यांना थेट शेवटच्या रेषेपलीकडे सोडून आली. मैदानातल्या लोकांना आधी झुडूप आलं असंच वाटलं.

"पहिले!" आयोजक कर्ण्यात ओरडले. गळ्यात पदक पडलं, हातात कप आला. नळसाहेब तोंड उघडून सांगणार होते, खरंच सांगणार होते. तेवढ्यात मुलगी धावत आली आणि गळ्यात पडली.

"बाबा! खरं केलंत!"

आणि नेमकं तेव्हाच त्यांना पीटीच्या मास्तरांचं आठवलं. तोंड बंद ठेवायचं.

थोड्या वेळाने बाकीचा गट आला. भलत्याच बाजूने, उजव्या वाटेने, व्याही सर्वांत पुढे. आयोजकांनी कर्ण्यातूनच कपाळावर हात मारला. "अहो, ज्या वाटेने गेलात त्याच वाटेने परत? सगळे बाद!" सगळ्यांचेच मोजे लाल होते. नळसाहेबांना जरा वाईट वाटलं. गटाचा गणवेश ठरला आणि आपल्याला कुणी सांगितलंही नाही!

व्याह्यांनी कपाकडे पाहिलं. डाव्या वाटेकडे पाहिलं, दगडावरच्या बाणाकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं. मग त्यांनी सुनेच्या चेहऱ्याकडे पाहिलं. असा चेहरा त्यांच्या घरात तिने आजवर कधी केला नव्हता. व्याही पुढे झाले, नळसाहेबांचे हात हातात घेतले आणि म्हणाले, "अभिनंदन. मी म्हटलं नव्हतं, तुमचंच बरोबर?"

इथे सगळं संपायला हवं होतं. पण चहा आला, खुर्च्या आल्या, लोक भोवती जमले, आणि कुणीतरी म्हणालं, "नळसाहेब, सांगा तरी कसं काय जमवलंत!" काकू खाली वाकून त्यांच्या सुजलेल्या पायांतले बूट ओढून काढत होत्या. नळसाहेबांनी मुलीकडे पाहिलं. ती हसत होती. मास्तरांचा सल्ला तिथेच वाहून गेला.

"कुणी विश्वास ठेवणार नाही," नळसाहेबांनी सुरुवात केली. "पण सुरुवातीला जुळे लागले ना, तिथे मी असा काही वेग धरला! दोन्हीकडून पाणी कोसळतंय आणि मधून वाट. वाट कसली, फरशी! कोरडी, खडखडीत. चिखलाचा एक थेंब नाही. तसाच उडत उडत थोरल्यापाशी. काय व्याहीबुवा?"

भोवती बसलेल्या ज्येष्ठांनी खाली आपापल्या पायांकडे पाहिलं. मॅनेजर मोज्यावरची वाळलेली लाल खपली नखाने काढत होते, ते तसेच थांबले.

व्याह्यांनी आपले गुडघ्यापर्यंत माखलेले पाय हळूच खुर्चीखाली घेतले. "हो तर," ते म्हणाले. "अगदी कोरडी."

"कोरडी?" काकू म्हणाल्या. त्यांच्या हातात बूट होता आणि तो त्यांनी उलटा केला होता. "आणि या सगळ्यांचे मोजे काय शिंप्याने लाल शिवले? व्याहीबुवा, तुम्ही तरी किती सांभाळून घ्याल! हा बघा बूट. काळा चिखल आहे, शेवाळ आहे, अर्धं रान आहे, माझ्या दारातलं पायपुसणंसुद्धा आहे. लाल म्हणून ठिपका नाही. अहो, तुम्ही जुळ्यांकडे फिरकलाच नाहीत! आज नाही, आणि लग्नाच्या नव्या नवलाईतही नाही. तेव्हा इथे आल्या आल्या माझ्या चपलेचा पट्टा तुटला. सगळे वर गेले, आणि हे, मला एकटीला कसं सोडू म्हणून, दिवसभर माझ्याशेजारी त्या बाकावर बसून राहिले. एका दमात पळाले म्हणे! त्या बाकावरून एक पाऊल हलले असतील तर शपथ!"